लांडगेमामांची शेकोटी

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरून एक बातमी निघाली, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला दात, नखं आणि शेपूट फुटलं. बातमी अशी, की लांडगेमामांचं डोकं फिरलंय. निवृत्ती जवळ आली म्हणून ते रागाने रोज संध्याकाळी प्राण्यांच्या बागेला आग लावतात, आणि रोज कुणीतरी ती विझवतं. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी त्यांच्या खिशात काडेपेट्या पाहिल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी त्यांच्या शर्टाची बाही जळलेली पाहिली होती. खोटं कशाला बोला, मीही त्यात चिमूटभर मीठ घातलं. मामा जिन्यातून गेले की मागे धुराचा वास रेंगाळतो, भूत उतरून गेल्यासारखा, एवढंच मी म्हणालो. एवढंच म्हणालो, पण चांगल्या गर्दीत म्हणालो.

आता खरं काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्ही मोकळे. आग लागत होती, हे खरं. पण ती बागेला नव्हे, बागेत. अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपात, शेजारी पाण्याच्या भरलेल्या बादल्या ठेवून, बागेच्या साहेबांच्या परवानगीने. आणि काडी ओढणारे मामा नव्हतेच. ते काम जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. मामांची बाही जळली ती बाईंना वाऱ्यात काडी कशी धरायची ते शिकवताना. इतक्या शिकलेल्या बाई, पण काडी ओढली की फेकूनच द्यायच्या, विंचू धरल्यासारखी.

मामा आमच्या समोरच्या दारात राहतात. हे नाव इमारतीतल्या पोरांनी दिलं, आणि ते इतकं चिकटलं की विजेचं बिल वाटणारासुद्धा खालून 'लांडगेमामा' अशीच हाळी देतो. उंच, वाळके, चालताना नाक अंगाच्या पुढे. बागेत नोकरीला लागले तेव्हा नुकती मिशी फुटत होती. आता तीच मिशी पांढरी झाली आहे, आणि मधला सगळा काळ लांडगे, कोल्हे आणि रानकुत्रे यांची उस्तवारी करण्यात गेला. माणसांत बसायची सवय काही लागली नाही. आमच्याकडे चहाला आले तरी खुर्चीच्या कडेला टेकणार, कप रिकामा व्हायच्या आत उठून खिडकीशी जाऊन येणार, मग दाराशी, मग परत खिडकीशी.

"पिंजऱ्यातली जनावरं जाळीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालतात ना," मामी म्हणतात, "ती खोड यांनी लावलीय त्यांना. जनावरं बिचारी मुळात शांत होती."

मामांचा एक किस्सा आमच्या जिन्याला तोंडपाठ आहे. नवीन भाडेकरूला आधी चावी मिळायची आणि मग हा किस्सा. त्यातून सुटका नव्हती. किस्सा असा, की तरुणपणी एकदा कुणाच्या तरी हलगर्जीपणाने दार उघडं राहिलं आणि एक दांडगा लांडगा बाहेर आला. बाकीचे पळाले. मामा पळाले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, पेटवली, आणि तेवढ्या एका जळत्या कागदाच्या जोरावर त्या जनावराला पिंजऱ्यात नेऊन घातलं. हे सांगताना ते हातात खरोखरीची गुंडाळी घ्यायचे, बहुतेक वेळा माझ्याच घरचा, मी अजून न वाचलेला पेपर. शेवटचं वाक्य ठरलेलं: जंगलचं जनावर कितीही माजलं तरी आगीपुढे शेपूट घालतं, लिहून ठेवा. लिहून कुणी ठेवलं नाही, पण विश्वास सगळ्यांनी ठेवला. न ठेवायला कारण काय? आमच्यापैकी कुणी लांडग्याशी संसार केला होता?

तर या किस्स्याला चूड लागली ती त्याच्या आदल्या उन्हाळ्यात.

बागेच्या मागे एक बोडकी टेकडी आहे. थंडीत तिच्यावर कमरेएवढं गवत असतं, उन्हाळ्यात त्याचा नुसता भुसा होतो. त्या वर्षी कुणीतरी तिथे जळतं थोटूक टाकलं आणि भर दुपारी टेकडी पेटली. मध्ये खंदक आहे, त्यामुळे ज्वाळा आत येत नाहीत, पण धूर आणि ठिणग्यांना खंदक कोण सांगणार? भोंगा झाला. भोंगा झाला की सगळ्या जनावरांना आतल्या खोल्यांत घ्यायचं आणि सरकती दारं लावायची, असा नियम आहे. वाघ गेला. अस्वल कुरकुरत गेलं. कोल्हे आपल्या बिळात शिरले आणि मग त्यांचं टोकही दिसलं नाही. रानकुत्री शीळ घातल्यासारखी ओरडत गोल गोल धावली आणि शेवटी एकमेकांच्या अंगावर पडत दारातून आत कोंबली गेली.

लांडगे मात्र आत आले नाहीत. ते आगीकडे धावले.

थेट मागच्या जाळीपर्यंत गेले आणि तिथे ओळीने बसले. चार तरुण, आणि त्यांच्या मधोमध म्हातारी. म्हातारी म्हणजे कळपातली सगळ्यात जुनी लांडगीण. तिच्याबद्दल पुढे येईलच. पुढे टेकडी धडाडून जळतेय, वरून राख पडतेय, आणि हे पाचजण कान टवकारून, शेपट्या जमिनीवर घाशीत, पाटावर बसल्यासारखे बसलेले. मामा आतून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. एकानेही मान वळवली नाही. सुदैवाने वारा फिरला आणि बंबवाल्यांनी आग आवरली.

मामांनी निकाल देऊन टाकला: भीतीने गोठली बिचारी. आग पाहिली, पायातलं बळ गेलं.

डॉक्टरीणबाई मात्र जाळीपाशी वाकून बघत होत्या. बाई तरुण, बोलणं कमी. त्या म्हणाल्या, "मामा, घाबरलेल्या जनावराच्या तोंडाला पाणी सुटत नाही."

पाचही लांडग्यांची लाळ गळत होती.

मग बाईंनी साध्या गप्पा माराव्यात तसे प्रश्न विचारले. थंडीत सकाळी तुम्ही काय करता? मामांनी सांगितलं, काय करणार, मागच्या जाळीबाहेर पिंपात काटक्याकुटक्या पेटवतो, हात शेकतो, चहा पितो. किती वर्षं? लागल्यापासून. आणि मग? मग काय, हात गरम झाले की यांचं मांस टाकतो. कुठून टाकता? तिथूनच, जाळीवरून.

याचा अर्थ मामांच्या ध्यानात आला तो घरी येऊन मामींना हे सांगताना. चारही तरुण लांडगे त्याच बागेत जन्मलेले. रान त्यांनी पाहिलेलं नाही, वणवा पाहिलेला नाही. आग म्हणजे काय, तर मामांची शेकोटी. शेकोटी पेटली की मामा आले, आणि मामा आले की जेवण आलं. टेकडी पेटल्यावर त्यांना वाटलं असणार, आज केवढी मोठी पंगत!

बाईंनी शेवटी तो किस्साही उकरला. म्हणजे त्यांच्यापर्यंतही तो पोचलेला होता, बघा. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तो लांडगा तुमच्यापुढे मागे सरकत गेला, की तुमच्या मागे आला?"

मामांनी पायातली चप्पल काढली, घातली, परत काढली.

"माझ्या मागे आला," ते म्हणाले.

म्हणजे जळता कागद घेऊन मामा पुढे, आणि तो दांडगा लांडगा मागून आमंत्रण आल्यासारखा पिंजऱ्यात. त्यानंतर आमच्या जिन्यात हा किस्सा मामांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. माझ्या तोंडून मात्र सुधारित आवृत्ती बऱ्याच जणांनी ऐकली.

इथवर हसण्यावारी होतं. पण बागेच्या साहेबांना हसू आलं नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. एकदा पेटलेली टेकडी पुढच्या उन्हाळ्यातही पेटू शकत होती. आगीकडे धावणारी जनावरं तिथे ठेवायची कशी? त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, की पुढच्या वेळी भोंगा झाल्यावर पाचही लांडगे आत आले पाहिजेत. एक जरी बाहेर राहिला तरी सगळा कळप दूरच्या दुसऱ्या बागेत पाठवायचा.

चार तरुण गेले असते, रडतखडत का होईना रुळले असते. म्हातारीचं तसं नव्हतं. ती बागेत आली तेव्हा तिचे डोळे उघडायचे होते. आईविना सापडलेलं पिल्लू. मामांनी तिला खोक्यात ठेवून, खोकं शेकोटीच्या उबेला धरून, बाटलीने दूध पाजून जगवलं. त्या थंडीत मामी एकट्या घरी आणि मामा बागेत. मामी अजून म्हणतात, की पहिल्या बाळंतपणालाही हे एवढे जागले नव्हते. आता ती थकली होती, मागचा एक पाय ओढत चालायची. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, की हिचं काळीज भुलीचं औषध सोसणार नाही. औषधाशिवाय हिला गाडीत घालता येणार नाही. म्हणजे पाठवायची म्हटली तर पाठवणी कसली, शेवटच.

तिथून मामांच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच.

उपाय बाईंनीच काढला. आग दिसली की जेवण, हे यांच्या डोक्यातून निघणार नाही. मग जेवणाची जागा बदलायची. आग बाहेर, जेवण आत. पण मामा शेकोटीजवळ दिसले की लांडगे तिथेच ठाण मांडणार. म्हणून मामांनी आतल्या खोलीच्या गजांमागे परात घेऊन उभं राहायचं, आणि बाहेर पिंप पेटवायचं काम बाईंनी करायचं. सुरुवातीला लांडगे बाईंपुढे जाऊन बसायचे आणि त्यांच्याकडे असे टक लावून बघायचे की त्या म्हणाल्या, "मामा, मीच यांचं जेवण आहे असं वाटतंय." मामा आतून परात बडवायचे. एके दिवशी तरुणांतला एक उठला, आत डोकावला, मांस घेऊन कोपऱ्यात गेला. बाकीच्यांनी ते पाहिलं. घरात एकाला गोड मिळालं की भावंडांना जे होतं तेच झालं. थंडी सरेपर्यंत चौघे धूर दिसला रे दिसला की आत पळायला लागले. मग पिंप लांब नेलं, जाळीपासून दूर, मग खंदकापलीकडे. तरी पळायचे.

म्हातारी पळायची नाही. पिंप जिथे वर्षानुवर्षं होतं, त्या जागी जमिनीवर एक काळं वर्तुळ उरलं होतं. आग कुठेही पेटो, ती जाळीच्या अलीकडे त्या वर्तुळासमोर जाऊन बसायची. आग विझली, सगळं थंड झालं, की सावकाश उठून आत यायची. साहेबांनी विचारलं की मामा सांगायचे, येते, जरा उशिरा येते. आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

इमारतीला या सगळ्याची खबर नव्हती, इमारतीला नुसते मामा दिसत होते. आणि मामा कसे दिसत होते? जिन्यात उभे, नाक वर, वास घेताहेत. गॅलरीत उभे, टेकडीकडे बघताहेत. बसले की उठले, उठले की चालले. वारा सुटला की त्यांच्या चपलांचा आवाज आमच्या डोक्यात फिरायचा. जिन्याखालची रद्दी त्यांनी कुणाला न विचारता उचलून भंगारात दिली. त्यात मास्तरांचा जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठाही गेला आणि मास्तर त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. कुणाच्या स्वयंपाकघरातून जरासा जळका वास आला की मामा दारात: काही करपतंय का? एकदा आमच्या हिने गॅसवर दूध ठेवलं आणि फोनवर बहिणीशी बोलत बसली. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास. मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, मामा आले वाटतं. तेवढ्यात खरंच दार वाजलं. मामाच होते, हातात पाण्याची बादली.

ही गोष्ट मी तळमजल्यापर्यंत पोचवली, हे सांगायला नको. तिथून पुढे इमारतीत काहीही जळलं, भाकरीपासून बल्बपर्यंत, तरी पहिलं नाव मामांचं निघू लागलं. आणि मग संध्याकाळचा तो बागेतला धूर लोकांना दिसला, खिशातल्या काडेपेट्या दिसल्या, बाही दिसली. बातमी शिजायला अजून काय लागतं?

माझ्या कामाची जागा बागेच्याच रस्त्यावर आहे. मामा त्या दिवसांत डबा विसरून जायचे, आणि मामी तो माझ्या हातात द्यायच्या. कापडी पिशवी, आत डबा, डब्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळलेलं. त्या दिवशीही तसाच मी दुपारी मागच्या फाटकाने आत शिरलो. ऊन असं की डोळ्यांपुढे हवा थरथरत होती. वारा तापलेला, सारखा दिशा बदलत होता. आतल्या खोल्यांमागे एक अरुंद बोळ आहे, तिथे मामा येरझाऱ्या घालत होते. मी म्हणालो, मामा, जेवून घ्या, लांडगे काही तुमच्यासाठी उपाशी बसत नाहीत. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि नाक वर केलं.

मला काही वास आला नाही. त्यांना आला. आणि मग भोंगा झाला.

बोळाच्या टोकाच्या झरोक्यातून मला लांडग्यांचं सगळं आवार आणि मागची टेकडी दिसत होती. टेकडीच्या माथ्यावर आधी नुसती हवा हलल्यासारखी वाटली, मग एक तांबडी रेघ उतरणीवर पसरत गेली. गवत जळतं तेव्हा आवाज येतो, कुणी जाडजूड कापड फाडत सुटल्यासारखा. वारा आमच्याकडे होता. धूर खंदकावरून सरळ आवारात येत होता.

चौघांनी आग पाहिली. पाहिली, आणि वळले. रानातलं जनावर आगीपासून पळतं म्हणतात. ही जनावरं पळत होती ती जेवायच्या घाईने, आणि तरी पळत होती योग्य दिशेला. एक, मागोमाग दुसरा, मग दोघे एकदम दारात अडकून. मामांनी परात आत ढकलली आणि चौघांना आतल्या दुसऱ्या खोलीत घेऊन मधलं दार टाकलं.

म्हातारी काळ्या वर्तुळासमोर जाऊन बसली.

मामांनी हाका मारल्या. परात बडवली. तिने कान हलवला, पण नजर टेकडीवरून काढली नाही. राख तिच्या पाठीवर पडत होती. बिनतारी यंत्रावर साहेबांचा आवाज आला: किती आत, किती बाहेर? मामांनी यंत्र कट्ट्यावर ठेवून दिलं. डॉक्टरीणबाई भुलीची बंदूक घेऊन धापा टाकत बोळात आल्या, झरोक्यातून पाहिलं, आणि बंदूक त्यांच्या हातात तशीच राहिली. धुरात ठेवली तर गुदमरणार, औषध मारलं तर काळीज बंद पडणार. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा दाराकडे निघाले होते, बाहेरून फिरून त्या वर्तुळापाशी जायला. आणि अर्ध्या वाटेत थबकले.

मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. ते तिथे गेले असते तर ती तिथेच बसली असती, सुखाने. तिला मांस नकोच होतं. ती शेकोटीशी मामांची वाट बघत होती.

मामा परत फिरले. माझ्या हातातली पिशवी हिसकावली. डबा काढून माझ्याच हातात दिला, वर्तमानपत्र सोडवलं, चुरगाळलं, मांसाच्या रिकाम्या घमेल्यात टाकलं. वर पिशवीही टाकली. ते घमेलं गजांपुढे बोळाच्या फरशीवर ठेवलं आणि खिशातून काडेपेटी काढली.

"मामा, आत आग?" बाई म्हणाल्या.

"पाणी घेऊन उभ्या राहा," मामा म्हणाले, आणि काडी ओढली.

बाहेर टेकडी जळतेय, भोंगा बोंबलतोय, उन्हाने भिंती भाजताहेत, आणि हा माणूस उकिडवा बसून, थंडीत बसावं तसे हात पुढे करून कागदाच्या जाळावर शेकतोय. घामाच्या धारा लागलेल्या. मध्येच त्यांनी घसा खाकरला, सकाळच्या पहिल्या चहाआधी खाकरतात तसा. आमच्या भिंतीतून मला रोज ऐकू येतो तो.

झरोक्यात म्हातारीचं डोकं वळलं.

ती उठली. आधी पुढचे पाय, मग बराच वेळ काही नाही, मग मागचे. टेकडीकडे पाठ करून चालू लागली, पाय ओढत, एकदा थांबून, धुरात दिसेनाशी होऊन, परत दिसत. मी डबा छातीशी धरून उभा होतो, का धरला होता कोण जाणे. ती दारातून आत आली, सरळ गजांपर्यंत आली, आणि मामांसमोर जमिनीवर बसून तिने डोकं पुढच्या पंजांवर टेकवलं. बाईंनी साखळी ओढली. सरकतं दार घरंगळत येऊन बसलं.

मामांनी यंत्र उचलून सांगितलं, पाचही आत. आवाज नेहमीसारखाच होता.

आग खंदकापाशी अडली. संध्याकाळी साहेब बोळात आले, घमेल्यातली राख पाहिली आणि भडकले. आग विझवायच्या वेळी आत आग लावणारा नोकर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी मध्ये पडून सांगितलं, की शब्द पाचही आत येण्याचा होता. कसे यायचे ते ठरलं नव्हतं. साहेबांनी गजांपलीकडे बघितलं. म्हातारी विझलेल्या घमेल्याकडे तोंड करून घोरत होती. शेवटी ते म्हणाले, कळप राहू दे. पण यापुढे त्या बोळात पत्र्याची पक्की शेगडी बसवा, असली घमेली चालणार नाहीत.

आम्ही दोघे बरोबरच घरी परतलो. मामींनी दारातच पिशवी विचारली. मामा म्हणाले, जळली. मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लांडग्यांना वाढली. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आपटली. नवऱ्याचे डोळे लाल झालेले त्यांना दिसले होते, पण पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली होती.

जेवणानंतर गॅलरीत सगळे जमले. बातमी आमच्या आधी पोचली होती आणि या खेपेला ती पोचवणारा मी नव्हतो, याचं मला वाईट वाटत होतं. मास्तरही आले, प्रश्नपत्रिका विसरून. मामा कठड्याला टेकून उभे, टेकडीवर अजून कुठे कुठे धुमसत होतं तिकडे लक्ष. एका पायावरून दुसऱ्या पायावर. शिवणकामवाल्या बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले, उठले.

मला राहवलं नाही. एवढी गर्दी आणि मामा गप्प, असा योग वाया घालवायचा म्हणजे पाप. मी म्हणालो, "मामा, जन्मभर आम्हाला सांगत आलात की जनावर आगीला भितं. आणि आग लागली की तुमच्या लांडग्यांना काय आठवतं, तर तुम्ही! ही काय जनावरं सांभाळलीत म्हणायची?"

सगळे हसले. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही हसल्या. मामांनी टेकडीवरची नजर काढली आणि सगळ्यांवरून फिरवून माझ्यावर आणून ठेवली.

"तुमच्या घरात दूध करपलं तरी तुम्हाला मीच आठवतो," ते म्हणाले. "मग लांडग्यांचं काय चुकलं?"